पाण्याचा वाटा

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ नईमचं बुकिंगचं दुकान आहे. काचेवर वाघाचा फोटो, आत दोन खुर्च्या आणि हिवाळ्यातही गरगरणारा पंखा, कारण त्याचं बटण बिघडलंय. ताडोब्याला येणारे लोक त्याच्याकडे मोहर्लीची जिप्सी मागतात, खोली मागतात आणि वाघ दिसेलच अशी हमी मागतात. हमी सोडून बाकी सगळं नईम देतो. समुद्र मात्र त्याच्याकडे आजवर कुणी मागितला नव्हता, ज्वालामुखीचं बेट तर दूरच.

"तू एकदा नीट सोच, पायल," तो म्हणाला. "तिथं हॉटेल नाई, धक्का नाई, बेटावर पाय बी ठेवू देत नाई. बोट उभी राह्यते आन् लोक सरळ पाण्यात उड्या मारतात. अन् तू तर अजून समुद्रच पाह्यला नाई."

"मले बेटावर नाई उतरायचं, नईमभाऊ. बेटाच्या खाली उतरायचं आहे."

नईमने पुढे वाद घातला नाही. ते बेट कोणतं, तिथे खाली काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. तिथे भूपेश होता.

भूपेश हा पायलचा थोरला भाऊ आणि नईमचा जिगरी दोस्त. सिंदेवाहीजवळच्या कोसंबीचं हे ढिवराचं घर. पिढ्यान्‌पिढ्या तलावातली मासोळी आणि थोडी धानाची शेती, यावर चाललेलं. भूपेश चालायला लागायच्या आधी पोहायला लागला, असं गावात गमतीने म्हणत. मोठेपणी तो अंदमानात गेला आणि पर्यटकांना समुद्राखाली फिरवून आणायच्या नोकरीला लागला. अंदमानच्या पूर्वेला एक लहानसं काळं बेट आहे, माणसाची वस्ती नसलेलं, अधूनमधून धूर सोडणारं. त्याच्या काळ्या उतारावर लोकांना घेऊन तो खाली गेला. लोक वर आले, भूपेश आला नाही. पाण्याला एकाएकी ओढ लागली, असं सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंच असावं. कुणाचा दोष नव्हता. बरेच दिवस शोध झाला. हाती काही लागलं नाही.

आता कोसंबीची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. तलावातून जाळं ओढलं की मासोळीचे सारखे वाटे करून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मांडतात, घरागणिक एक. गावातला कुणी बुडाला आणि सापडला नाही, तर त्याचाही वाटा मांडायचा, आणि तो उचलून परत तलावात टाकायचा. त्याला पाण्याचा वाटा म्हणतात. हा वाटा थांबवायचा एकच मार्ग. बुडालेल्याच्या घरातल्या कुणीतरी तो बुडाला तिथे तळापर्यंत बुडी मारायची, तळाची एक मूठ माती वर आणायची आणि तिलाच अग्नी द्यायचा. मग तो माणूस गेला, असं धरतात. घरचे रडून मोकळे होतात.

तलावात बुडालेल्याचं हे काम काका-पुतण्या घटकेत उरकत. समुद्रात बुडालेल्याचं काय करायचं, हे कोणत्या बापजाद्याला सुचणार होतं?

दोन पावसाळे उलटले तरी भूपेशचा वाटा चालूच होता. त्याची आई, गोकुळाबाई, त्या दिवसापासून मासोळी खाईना. ढिवराच्या बाईने मासोळी सोडायची म्हणजे काय, ते ढिवरालाच कळेल. आधी ती मासोळीच्या मुंडक्यावर जीव टाकायची. लहानपणापासून भूपेश आपल्या ताटातलं मुंडकं न खाता कडेला ठेवायचा, आईसाठी. आता ती भातावर नुसतं वरण घ्यायची आणि दुपारी जाऊन तलावाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची. दिवाळीनंतर एकदा गावातल्या देवाजीकाकाला ती कमरेइतक्या पाण्यात उभी सापडली. त्याने हाताला धरून घरी आणलं.

"तू नाई गेली त मी जातो," ती पायलला म्हणाली. "पानी त सारं एकच हाय."

पायल चंद्रपुरात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, भिंग, काचपट्ट्या. भिंगाखाली जे दिसतं ते आहे आणि दिसत नाही ते नाही, या हिशेबाने जगणारी मुलगी. मुठीतल्या मातीने भाऊ परत येत नाही, हे तिला पक्कं कळत होतं. पण आई दुसऱ्यांदा त्या पाण्यात गेली तर तिथे देवाजीकाका असेलच असं नाही, हेही कळत होतं. भाऊ गेला तो गेला, आता आई जायला नको. एवढ्यासाठी तिला ते बेट हवं होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडाला एक, आणि काडी सगळे शोधत होते.

नईमने कंबर कसली. बोटवाल्यांना फोन केले, परवानग्यांचं विचारून ठेवलं आणि आपला धाकटा भाऊ जिशान याला पायलच्या दिमतीला दिलं. जिशान गोव्यात स्कूबा शिकून आलेला, पोहण्याच्या तलावावर शिकवणारा, कमी बोलणारा तरुण. त्याने पायलला मास्क, सिलिंडर, तोंडातली नळी, पाठीवरचं ओझं या सगळ्याची सवय लावली. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा घोटून घेतल्या. त्यातली एक तिला इतकी अंगवळणी पडली की ती लॅबमध्येही नकळत करायची. अंगठा आणि तर्जनी जुळवायची, बाकीची बोटं उघडी. म्हणजे, सगळं ठीक.

दर रविवारी ती गावी जाई. एका रविवारी ती पायरीवर आईशेजारी बसली. थंडी मी म्हणत होती आणि आईचे पाय पाण्यात होते.

"काढ ना बाहेर. गारठतील."

"गार कुठी आहे? कोमट त आहे."

पायलने हात घातला. पाणी बर्फासारखं होतं. आईला ताप असेल म्हणून तिने कपाळ पाहिलं. कपाळही थंड. मग तिने जिथे आईचे पाय होते, नेमका तिथे हात नेला. तिथलं पाणी कोमट होतं. तळहाताएवढ्या रुंदीची एक कोमट धार खालून वर येत होती आणि हात जरा सरकवला की पुन्हा गारठा. उन्हाने होत असेल, तिने स्वतःला सांगितलं. पायरीवर तर सावली होती.

त्याच संध्याकाळी गोकुळाबाई शेजारणीला तलावातला रोहू साफ करून देत होती. खात नसली तरी हात थांबत नव्हते. पोट फाडलं तर आतून काळी रेती निघाली. आईने ती बोटावर घेऊन पाहिली आणि पदराला पुसली. पायलने चिमूटभर लॅबच्या डबीत भरली.

सोमवारी तिने ती भिंगाखाली ठेवली. आधी तिला वीजकेंद्राच्या कोळशाच्या राखेचा संशय आला. चंद्रपूरच्या माणसाला कशातही पहिला संशय तोच येतो. पण राखेचे कण गोल असतात. हे टोकदार होते, काळ्या काचेसारखे, आणि आत बारीक बुडबुडे अडकलेले. भूपेशने एकदा सुट्टीवर येताना आईसाठी त्या बेटाच्या तळाची काळी वाळू एका औषधाच्या बाटलीत आणली होती. ती देव्हाऱ्यात होती. पुढच्या रविवारी पायलने त्यातले चार कण आणले, दुसऱ्या काचपट्टीवर ठेवले आणि दोन्ही पट्ट्या आलटून पालटून पाहत बसली. मग दोन्ही धुऊन टाकल्या. याबद्दल ती कुणाशी बोलली नाही.

जाण्याचे दिवस जवळ आले तसं जिशान म्हणाला, "ताई, स्विमिंग पूल वेगळा. तिथं सगळं दिसते. एकदा गढूळ पाण्यात उतरून पाहून घे. तुमच्या तलावात खोल जागा आहे का?"

खोल जागा होती, तुडुंबाजवळ, जिथून शेताला पाणी सुटतं. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी जिशान दोन सिलिंडर घेऊन गावात आला. पाळीवर त्याच वेळी जाळं ओढून झालं होतं आणि देवाजीकाका वाटे करत बसला होता. गावात वाटे करायचा मान त्याचा. उन्हात मासोळी चकाकत होती. पोरांना ती मासोळी सोडून पायलचा मास्क पाहायचा होता.

"इथी कशाले उतरतेस?" देवाजीकाकाने विचारलं.

"प्रॅक्टिस, काका. तिथं जे करायचं ते इथं एकदा करून पाह्यतो."

काकाचे हात थांबले. "याची प्रॅक्टिस नसते, बाई. बुडी एकच राह्यते. मूठ घेतली की पान्यात उघडायची नाई, अन् वर आल्याबिगर त्याचं नाव घ्यायचं नाई."

"काऊन?"

"ते मले माहीत नाई. माह्या बापानं सांगतलं, तसं सांगतो."

"पण काका, दादा इथं कुठं आहे? तो तिकडं, समुद्रात."

काकाने गोकुळाबाईकडे पाहिलं. ती पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. तिने मान वर केली नाही. काका पुन्हा वाट्यांकडे वळला.

पायलचं चुकलं ते इथे, आणि ते तिच्यासारखीचंच चुकू शकतं. शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीची तालीम करायची खोड असते. ढिवराच्या घरातली असूनही तिला वाटलं की रीत ही जागेला चिकटलेली असते. दोघं पाण्यात उतरली.

खाली हिरवट अंधार होता. जिशानच्या टॉर्चचा उजेड हातभर जाऊन गाळात विरत होता. वरून एक दोर सोडलेला होता, तो धरून ती खाली सरकत गेली. कानात दडे बसले, ते तिने शिकवल्याप्रमाणे सोडवले. पाणी इतकं गार की दात नळीवर आपटत होते. स्वतःच्या श्वासाचा खर्र आवाज आणि बुडबुड्यांचा गुडगुडाट, एवढंच ऐकू येत होतं.

मग पाणी कोमट झालं.

एकदम नाही. पायाच्या बोटांपासून सुरुवात झाली. ऊब घोट्यांपर्यंत आली, गुडघ्यांपर्यंत आली. कोसंबीच्या तलावाचा तळ म्हणजे गुडघाभर काळपट चिखल, लहानपणी बुड्या मारून तिने तो पायांनी तुडवलेला होता. आता तिचे पाय टेकले ते कशावर तरी कडक, रवाळ. टॉर्चच्या उजेडात तळ उतरता दिसला. छपरासारखा उतार, काळाभोर, खाली खाली जात राहिलेला. तलाव एवढा खोल नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उतारातून बारीक बुडबुड्यांची एक माळ वर निघत होती. ते बुडबुडे तिचेही नव्हते आणि जिशानचेही नव्हते.

जिशानने खूण केली. आता मूठ घे.

तिने उजवा हात घातला. वाळू ऊन होती, नुकत्याच विझलेल्या चुलीत हात घालावा तशी. तिने मूठ आवळली. त्या क्षणी तिला भाऊ आठवला, मनाने नाही, सगळ्या अंगाने. चिंब डोकं झटकत, हसत पाळीवर चढणारा. तिला मास्कच्या आत रडू आलं आणि नळी तोंडात असताना रडता येत नाही हेही तेव्हाच कळलं.

जिशानने टॉर्च तिच्या तोंडावर धरला आणि विचारलं, बोटांनी. ठीक आहेस?

तिचा डावा हात दोराला होता. तिने उजव्या हाताने उत्तर दिलं. अंगठा आणि तर्जनी जुळली, बाकीची बोटं उघडली. इतकी सवय.

काळे कण उजेडात तरंगत खाली गेले.

अरे, सुटली, असं वाटून ती हात मिटणार तोच त्या उघड्या पंजात दुसरा पंजा आला. बोटांत बोटं बसली. घट्ट नाही, ओढ नाही, रस्ता ओलांडताना धरतात तसा.

जिशान घाबरून हात देतोय, असं तिला वाटलं.

जिशानचा एक हात टॉर्चवर होता. दुसरा पुन्हा दोरावर होता. दोन्ही तिला दिसत होते.

तिने खाली पाहिलं नाही. तिने हात सोडवलाही नाही. ती दोर धरून वर निघाली आणि ते वजन तिच्याबरोबर निघालं.

पाणी पुन्हा गार झालं. हिरवं झालं. मग ऊन डोळ्यांवर आलं.

काठावर बसून तिने हात पाहिला. रिकामा. फक्त बोटांच्या बेचक्यांत काळे कण चिकटलेले. जिशान तिच्या हवेचा काटा पाहत होता. एवढ्याशा बुडीत सिलिंडर जवळजवळ संपला होता.

"नवीन माणूस घाबरून जास्त श्वास घेते," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण एवढा? दोन जण ओढून राह्यले असं वाटते." आणि मग तिच्याकडे न पाहता, "ताई, वर येताना तुझा उजवा हात मागं राह्यत होता. काही ओढून राह्यली होती का?"

"नाई," पायल म्हणाली.

पाळीवर वाटे उचलले जात होते. शेवटी एक उरला, पाण्याचा. देवाजीकाकाने तो टोपलीत भरला आणि नेहमीप्रमाणे तलावाकडे वळला. गोकुळाबाई पायरीवरून उठली. तिने त्याच्या हातातून टोपली घेतली, भांडून नाही, आपली वस्तू घ्यावी तशी.

"पान्यात नोको टाकू आता," ती म्हणाली. "घरी नेतो मी."

काकाने पायलच्या हाताकडे पाहिलं. "मूठ कुठी आहे?" त्याने विचारलं. पायलने उघडा पंजा पुढे केला. तो तिथेच खाली बसला.

त्या संध्याकाळी गोकुळाबाईने कितीतरी दिवसांनी कालवण केलं. मोहरी, लसूण, वरून ओली हळद. घरभर वास सुटला. एक ताट वाढून तिने मागच्या पडवीत, तलावाच्या बाजूला ठेवलं. भूपेश तिथेच बसून जेवायचा. पायलने हरकत घेतली नाही. मायेचं खूळ आहे, एक दिवस चालू दे, सकाळी मांजर खाऊन जाईल आणि समजूत पटेल. तरी तिने ताटावर वेताची टोपली पालथी घातली आणि वर जात्याची जुनी तळी ठेवली. मांजराला ती हलायची नाही. आपण असं का केलं, मांजराने खावं असं वाटत असताना, हे तिला कळलं नाही.

सकाळी टोपली भिंतीला टेकून उभी होती. तळी तिच्याजवळ, नीट, सपाट ठेवलेली.

ताटातला भात संपला होता. मासोळी संपली होती, काटे कडेला एका ओळीत. आणि ताटाच्या दुसऱ्या कडेला मुंडकं होतं, सबंध, न उष्टावलेलं. मांजर असतं तर त्याने पहिलं तेच नेलं असतं.

पायल उभी राहिली तशीच. मागून आई आली. तिने ताट पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की पायलला गलबलून आलं. हाच चेहरा परत पाहायला तर ती समुद्राखाली जायला निघाली होती. गोकुळाबाई ताटाशी बसली, मुंडकं उचललं आणि खाल्लं. सावकाश, चोखून चोखून, पूर्वी खायची तसं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती.

तेवढ्यात नईमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. परवानगी आली होती, बोट ठरली होती, सगळं जुळून आलं होतं.

"नोको म्हण त्याले," आईने बसल्या जागेवरून सांगितलं. "तिकडे काय आहे आता?"

पायलने फोन कानाला लावून ठेवला. नईम हॅलो, हॅलो म्हणत होता. ताटात, जिथे मुंडकं होतं तिथे, काळी वाळू सांडलेली होती. तिने बोट लावलं. वाळू कोमट होती.

गोकुळाबाईने ताट उचललं, निरखून पाहिलं. भाताचं एकही शीत उरलेलं नव्हतं.

"रातच्याले तांदूळ एक मूठ जास्त टाकजो," ती म्हणाली. "पोट नाई भरलं त्याचं."

त्या संध्याकाळी पायलने तांदळाच्या डब्यात हात घातला. खाली, तांदळाच्या आत, तिने मूठ घट्ट आवळली आणि हात बाहेर काढून चुलीपाशी येईपर्यंत ती उघडली नाही.